नरेंद्राचे मागणे

गुरू शिष्याला काय देतो, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणतो : ज्ञान. परंतु शिष्याच्या पदरी ज्ञान अगोदरच पुष्कळ असेल, त्याची बुद्धी इतकी धारदार असेल की समोरच्याचे कोणतेही विधान तिच्यापुढे टिकू नये, आणि नेमक्या त्याच बुद्धीने विणलेल्या जाळ्यात तो स्वतः गुरफटला असेल, तर गुरूने काय करावे? अशाला आणखी चार युक्तिवाद ऐकवून उपयोग नसतो. त्याच्याशी वाद घातला तर तो जिंकेल, आणि जिंकून पुन्हा होता तेथेच राहील. असा एक तरुण आणि असा एक गुरू यांची गाठ सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात पडली. तरुणाचे नाव नरेंद्रनाथ दत्त. पुढे जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. गुरू होते दक्षिणेश्वरचे रामकृष्ण परमहंस. या दोघांची कथा आपल्या परिचयाची आहे. तिच्यातील एकाच धाग्याकडे आज आपण पाहणार आहोत : अपराधाच्या जाणिवेने पोळलेल्या एका बुद्धिमान मुलाला त्याच्या गुरूने स्वतःच्या अंतःकरणाचा कौल ऐकण्यास कसे शिकविले?

नरेंद्राचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, उत्तर कलकत्त्यातील सिमुलिया भागातला. गौरमोहन मुखर्जी स्ट्रीटवरील दत्तांचा वाडा नांदता होता. वडील विश्वनाथबाबू हायकोर्टात अ‍ॅटर्नी होते. इंग्रजी आणि फारसी वाङ्मयाचे रसिक, हाताने सढळ, मिळकतीपेक्षा खर्च अधिक करणारे. आई भुवनेश्वरीदेवी करारी आणि धर्मशील. मुलगा गाण्यात निपुण, तालमीत तयार, आणि स्मरणशक्ती अशी की एकदा वाचलेले विसरत नसे. जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन या कॉलेजात असताना त्याने मिल, ह्यूम आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ पालथे घातले. स्पेन्सरच्या शिक्षणविषयक पुस्तकाचा त्याने पुढे बंगालीत अनुवादही केला. ब्राह्म समाजाच्या बैठकांना तो जाई, भजने म्हणे आणि मूर्तिपूजेला हसे. ईश्वर असेल तर त्याचा पुरावा काय, हा त्याचा प्रश्न होता. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्या वंद्य पुरुषालाही त्याने थेट विचारले की आपण ईश्वर पाहिला आहे काय. महर्षींनी त्याच्या डोळ्यांची वाखाणणी केली, पण प्रश्नाचे सरळ उत्तर काही मिळाले नाही.

1881 च्या अखेरीस नरेंद्र दक्षिणेश्वरी गेला. कलकत्त्याच्या उत्तरेस, गंगेच्या पूर्व काठावर राणी रासमणीने 1855 साली बांधलेले कालीमंदिर आहे. तेथल्या एका खोलीत रामकृष्ण राहत. शाळेची विद्या त्यांनी लहानपणीच नाकारली होती. बोलणे खेडुती वळणाचे, दाखले चुलीचे, मासळीबाजाराचे, हंडी-मडक्याचे. या माणसाला नरेंद्राने तोच प्रश्न विचारला. रामकृष्णांनी प्रमाणे दिली नाहीत, की शास्त्रवचनही सांगितले नाही. होय, मी त्याला पाहतो, आणि तुला पाहतो त्याहून अधिक स्पष्ट पाहतो, अशा अर्थाचे ते उत्तर होते. तरुणाला ते पटले असे नाही, परंतु हा मनुष्य खोटे बोलत नाही एवढे त्याला तत्क्षणी कळले. ते कशावरून कळले, हे मात्र त्याला सांगता येईना. बाहेरच्या पडवीत याच गृहस्थांनी काही वेळापूर्वी त्याचा हात धरून अश्रू ढाळले होते, आणि इतके दिवस का आला नाहीस म्हणून विचारले होते. तेव्हा हे वेडे आहेत असे त्याच्या बुद्धीने ठरवून टाकले होते. बुद्धीचा निकाल एक आणि आतला कौल दुसरा, असा हा पहिलाच प्रसंग.

दुसऱ्या भेटीत रामकृष्णांनी त्याला पायाने स्पर्श केला, तोच भिंती, खोली, सारे जग गरगर फिरून नाहीसे होऊ लागल्याचा भास त्याला झाला. तो घाबरून ओरडला. काय ओरडला, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. हे काय करता, घरी माझे आईवडील आहेत, असे त्याचे शब्द होते. रामकृष्ण हसले, त्याच्या छातीवरून हात फिरवून त्याला भानावर आणले आणि सगळे एकदम व्हायला नको म्हणाले. ऐन भीतीच्या क्षणी या मुलाच्या तोंडून ना तत्त्वज्ञान बाहेर पडले, ना देवाचे नाव. घराचे ऋण तेवढे बाहेर पडले. रामकृष्णांनी ते ऐकून ठेवले असावे असे पुढचे प्रसंग वाचताना वाटत राहते.

पुढली काही वर्षे नरेंद्र या अशिक्षित गुरूची कठोर परीक्षा घेत राहिला. रामकृष्णांना धातूचे नाणे सहन होत नाही असे ऐकल्यावर त्याने गुपचूप त्यांच्या अंथरुणाखाली एक रुपया ठेवून पाहिला. रामकृष्ण बसले आणि अंगाला डंख व्हावा तसे उठले. रागावण्याऐवजी त्यांनी अशा परीक्षेला उत्तेजनच दिले. सराफ नाणे वाजवून घेतो तसे मला वाजवून घे, असे त्यांचे सांगणे असे. हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बुद्धी बाजूला ठेव, असे रामकृष्णांनी नरेंद्राला कधी म्हटले नाही. उलट इतर शिष्य निमूटपणे मान डोलावीत, त्यांच्यापेक्षा वाद घालणारा हाच त्यांना अधिक प्रिय होता.

एके दिवशी नरेंद्राने अद्वैताची थट्टा मांडली. हंडीही ब्रह्म, पेलाही ब्रह्म, आणि आपणही ब्रह्म! प्रतापचंद्र हाजरा नावाचे गृहस्थ त्याच्या हसण्यात सामील होते. रामकृष्ण हसत हसत बाहेर आले आणि त्यांनी त्याला नुसता स्पर्श केला. त्यानंतर काही दिवस नरेंद्राची वृत्ती विलक्षण झाली. ताटातले अन्न, वाढणारी आई, जेवणारा तो स्वतः, यांत त्याला भेद दिसेना. हेदुआच्या तलावाभोवती फिरताना तो कठड्याच्या लोखंडी गजांवर डोके आपटून पाही, की हे खरे आहेत की स्वप्नातले! ज्या कॉलेजात त्याने ह्यूम वाचला ते कॉलेज याच तलावाशेजारी आहे. अनुभव येत असतानाही त्याची खातरजमा करून घेणारा हा विद्यार्थी होता. मात्र ज्याची खातरजमा करावयाची तो अनुभव तर्कातून आलेला नव्हता, ही गोष्ट आता त्याला नाकारता येईना.

हे सारे चालू असताना 1884 च्या फेब्रुवारीत विश्वनाथबाबू अकस्मात वारले. नरेंद्र त्या रात्री वराहनगरला मित्रांच्या घरी गात बसला होता. बातमी तेथे पोहोचली. दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच सावकार दाराशी आले. घरात शिल्लक काही नाही, कर्ज मात्र भरपूर. भाऊबंदांनी वाड्याच्या हिश्शासाठी दावा लावला. घरात आई आणि लहान भावंडे, त्यांत सर्वांत धाकटा भूपेंद्र चार वर्षांचाही झालेला नव्हता. बी. ए. झालेला, कायद्याच्या वर्गात नाव घातलेला हा थोरला मुलगा अनवाणी पायांनी, हातात अर्ज घेऊन, भर उन्हात कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. सगळीकडून नकार आला. सकाळी घरात पुरेसे अन्न नाही असे दिसले की आज मला बाहेर जेवणाचे बोलावणे आहे असे आईला सांगून तो निघे, आणि दिवसभर उपाशी राही. एका सकाळी देवाचे नाव घेत अंथरुणातून उठला, तेव्हा आईचा संताप उफाळून आला. लहानपणापासून देव देव करतोस, त्या देवाने काय केले, असा तिचा सवाल होता.

त्या सवालाने नरेंद्राच्या मनातली जखम उघडी पडली. येथे त्याच्या बुद्धीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिने कारणे मांडण्यास प्रारंभ केला. देव दयाळू असता तर लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली नसती, म्हणून देव नाही, किंवा असला तर त्याला हाक मारणे व्यर्थ आहे. आपण गाण्यांत आणि चर्चांत रमलो, म्हणून घर बुडाले, म्हणजे दोषी आपणच. मुलाने आईला पोसावे हा धर्म, तो आपल्याने होत नाही, म्हणून आपल्या बाकीच्या सर्व आकांक्षा म्हणजे पाप. प्रत्येक पायरी बिनतोड! अपराधाची भावना जेव्हा हुशार माणसाच्या मनात शिरते, तेव्हा ती रडत बसत नाही. ती वकीलपत्र घेते आणि त्याच्याच बुद्धीकडून त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करविते. मंदबुद्धीच्या माणसाला जे सुटकेचे क्षण मिळतात, तेही अशाला मिळत नाहीत. नरेंद्र उघडपणे नास्तिकपणाचे बोलू लागला. त्याचे पाऊल वाकडे पडले अशी कुजबुज परिचितांत सुरू झाली. ती रामकृष्णांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी सांगणाऱ्यालाच गप्प बसविले. या मुलाला मी ओळखतो, एवढा एकच त्यांचा पुरावा होता.

उन्हाळा सरला, पावसाळा आला, तरी नोकरी मिळेना. शेवटी नरेंद्र दक्षिणेश्वरी गेला आणि त्याने हट्ट धरला की आपण देवीपाशी माझ्या आईभावंडांसाठी शब्द टाका. रामकृष्ण म्हणाले की माझ्याने असे मागवत नाही, तू देवीला मानत नाहीस म्हणून ही अडचण. आज मंगळवार आहे, रात्री तूच देवळात जा आणि काय हवे ते माग. रात्रीचा पहिला प्रहर उलटल्यावर नरेंद्र अंगण ओलांडून देवळात गेला. मागणे ठरलेले होते, आणि त्यामागचा विचार पक्का होता. पण मूर्तीसमोर उभे राहताच मन भरून आले, आणि तोंडून विवेक दे, वैराग्य दे, ज्ञान दे, भक्ती दे असेच शब्द निघाले. परत आल्यावर रामकृष्णांनी विचारले, मागितलेस का? तो दचकला. विसरलोच! पुन्हा जा, ते म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्यांदा मागणे आठवले, पण लाज वाटली. राजाची मर्जी व्हावी आणि त्याच्यापाशी भोपळा मागावा, तसे ते झाले असते, असे पुढे त्यानेच सांगितले. ही हकीकत त्याच्याच तोंडून ऐकून त्याचे गुरुबंधू स्वामी शारदानंद यांनी रामकृष्णांच्या बंगाली चरित्रात नोंदविली आहे. ती भक्ताच्या लेखणीतून आलेली आहे हे आपण मनात ठेवावे. पण सांगणारा मूळचा संशयवादी आहे, आणि तो येथे स्वतःची फजिती सांगतो आहे, हेही विसरू नये.

या प्रसंगात चमत्कार शोधणाऱ्यांनी शोधावा. मला त्यातील शिक्षकाचे कौशल्य अधिक मोलाचे वाटते. तुझे खरे मागणे दुसरेच आहे, असे रामकृष्ण त्याला समजावून सांगू शकले असते. तो म्हणाला असता की आई उपाशी असताना दुसरे मागणे असणे हेच पाप. वाद तेथेच खुंटला असता. त्यांनी वाद टाळला आणि मुलाला मागण्याची पूर्ण मोकळीक दिली, कोणतीही अट न घालता. अपराधी मन नेहमी म्हणते की परिस्थितीने मला अडविले आहे. ती अडवणूकच दूर केल्यावर त्या मुलाला कळून आले की आपले अंतःकरण काही निराळेच मागते. एकदा चुकून तसे झाले असेल, म्हणून दुसऱ्यांदा पाठविले. दुसऱ्यांदाही मनाची गुंगी असेल, म्हणून तिसऱ्यांदा. तीनदा उत्तर तेच आले, तेव्हा ते उत्तर खरे मानणे नरेंद्राच्या तर्कालाही भाग पडले. म्हणजे या परीक्षेत तर्काचा अनादर झाला नाही. त्याला फक्त त्याच्या जागी बसविण्यात आले. काय हवे हे सांगणे त्याचे काम नव्हते. जे आतून आले ते टिकाऊ आहे की नाही, हे पारखणे त्याचे काम होते.

कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. नरेंद्र बाहेर आला आणि म्हणाला की ही सारी आपलीच करणी आहे, आता माझ्या घरच्यांचे आपणच पाहावे. पुष्कळ आर्जवे केल्यावर रामकृष्णांनी सांगितले की त्यांना साध्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही. पक्वान्न नव्हे, वैभव नव्हे, जाडेभरडे अन्न आणि वस्त्र. मुलाच्या खांद्यावरचे ओझे थोडे तरी कोणी वाटून घेतल्यावाचून त्याला आतला आवाज ऐकू येत नाही, हे त्या निरक्षरप्राय माणसाने जाणले होते. कर्तव्य विसर, असा उपदेश त्यांनी केला नाही. त्या वचनाने घरावर सोन्याचा पाऊसही पडला नाही. त्या दिवसांत अ‍ॅटर्नीच्या कचेरीत काम, पुस्तकांचे अनुवाद, विद्यासागरांच्या शाळेत काही काळ शिक्षकी, असे हातातोंडाची गाठ घालणारे उद्योग नरेंद्राला करावे लागले. कोर्टातला दावा पुढेही वर्षानुवर्षे चालला. पण मागणे कोणते आणि गरज कोणती, याचा त्याच्या मनातला घोळ त्या रात्री मिटला.

येथे एक शंका येते. अंतःकरणाचा कौल ऐकावा असे म्हटले की कोणताही लहरी माणूस आपल्या लहरीला अंतःप्रेरणा म्हणू लागेल. मग दोहोंतला भेद कसा ओळखावा? या बाबतीत एका गणितज्ञाची साक्ष उपयोगी आहे. फ्रान्सचा थोर गणिती आंरी प्वांकारे याने 1908 साली आपल्या एका ग्रंथात स्वतःचा अनुभव सांगितला. एका अवघड प्रश्नावर त्याने बरेच दिवस डोके खपविले होते. मग तो सहलीला गेला आणि गणित विसरला. कूतांस गावी गाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी, मनात दुसरेच विषय असताना, उत्तराची किल्ली त्याला सापडली. तो गाडीत बसून गप्पा मारू लागला, आणि घरी परतल्यावर सावकाश पडताळा पाहिला. तेव्हा खऱ्या अंतःप्रेरणेच्या अगोदर दीर्घ श्रम असतात आणि तिच्यानंतर पडताळा असतो. लहरीला हे दोन्ही नको असतात. नरेंद्राचेही असेच झाले. देवळातल्या त्या रात्रीपूर्वी अनेक वर्षांचे वाचन, वाद आणि तळमळ होती, आणि तिच्यानंतर साऱ्या आयुष्याचा पडताळा होता.

तो पडताळा सोपा नव्हता. 1885 साली रामकृष्णांना घशाचा कर्करोग झाला. अखेरचे महिने त्यांनी काशीपूरच्या उद्यानगृहात काढले. तेथे नरेंद्राने समाधीत बुडून राहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा गुरूने त्याचा धिक्कार केला. तू वटवृक्षासारखा होशील, हजारो श्रांत जीव तुझ्या सावलीत विसावतील असे मला वाटले होते, आणि तू केवळ स्वतःची मुक्ती मागतोस, असा त्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे आतल्या आवाजालाही गुरूने मोकळे सोडले नाही. जो आवाज माणसाला स्वतःतच गुंडाळून ठेवतो तो अखेरचा नव्हे, हा दुसरा धडा त्यांनी जाता जाता दिला. 16 ऑगस्ट 1886 रोजी त्यांनी देह ठेवला.

आईविषयीची ती जुनी कळ मात्र कधीच पूर्ण मिटली नाही, आणि मला वाटते, मिटू नये हेच योग्य होते. खेतडीचे राजे अजितसिंह यांच्याकडून आईला दरमहा शंभर रुपये मिळावेत अशी तजवीज विवेकानंदांनी केली होती, आणि आपल्या मागेही ते चालू राहावेत म्हणून 1898 साली त्यांना पत्राने विनविले. 1900 च्या जानेवारीत अमेरिकेतून एका शिष्येला लिहिताना त्यांनी कबूल केले की 1884 मध्ये आईला सोडणे हा मोठा त्याग होता, आणि आता तिच्याकडे परत जाणे हा त्याहूनही मोठा त्याग आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी तिला पूर्व बंगाल आणि आसामातील तीर्थांची यात्रा घडविली. वाड्याच्या दाव्याचा निकालही 4 जुलै 1902 रोजी देह ठेवण्याच्या थोडे दिवस अगोदर त्यांनी लावून दिला. आई त्यांच्यामागे 1911 पर्यंत जगली. विवेकानंदांनी ऋण नाकारले नाही. ते फेडण्याचा आपला मार्ग शोधला, इतकेच. अपराधाची भावना माणसाला आपल्या गुन्ह्याभोवती फिरवीत ठेवते, आणि कर्तव्याची जाणीव त्याला कामाला लावते. पहिलीचे रूपांतर दुसरीत होणे, यालाच मी त्या रात्रीचे खरे फळ म्हणेन.

1892 साली हा तरुण संन्यासी आपल्या महाराष्ट्रातून गेला. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी तो राहिला. बेळगावात भाटे वकिलांकडे उतरला. तेथे त्याला प्रश्नांनी अडविण्यासाठी आलेल्या सुशिक्षितांना उत्तरे देताना त्याची तर्कशक्ती पूर्वीइतकीच तल्लख होती. ती त्याने गंगेत सोडून दिली नव्हती. फरक इतकाच की आता ती त्याच्यावर हुकमत चालवीत नव्हती, त्याची सेवा करीत होती.

आपल्या घरांतही असे नरेंद्र असतात. परीक्षांत पहिले येणारे, आईबापांच्या कष्टांचा हिशेब मनात रोज मांडणारे, आणि त्या हिशेबाखाली स्वतःचे मागणे पुरून टाकणारे. त्यांना उपदेश पुष्कळ मिळतो. त्यांना हवा असतो तो असा एखादा वडीलधारा, जो त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्या परीक्षेला चिडत नाही, ओझ्याचा थोडा वाटा स्वतः उचलतो, आणि मग शांतपणे म्हणतो : जा, तूच माग. आणि पहिल्या खेपेस मागणे जमले नाही, तर पुन्हा जा, असे म्हणण्याचा ज्याला कंटाळा येत नाही.